तीस किलोचा काटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला गोड बोलता येत नाही. जेवढं असेल तेवढंच मी दाखवतो. यामुळे आजवर अनेकांनी माझ्याकडे बघून नाक मुरडलं, पण माझा नाइलाज आहे. मला घडवणाऱ्या कारागिरानंच मला असं घडवलं.

खाली लोखंडी पाटा, वर पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारं एक वजन, एवढंच माझं अंग. माझी तरुणपणाची वर्षं बडोद्याजवळच्या पादरा गावात, एका धान्याच्या दुकानात गेली. तुरीची पोती माझ्यावर आदळायची. दरवर्षी तपासनीस यायचा, मला पारखून शिक्का मारायचा, तेव्हा माझी छाती कशी फुगायची म्हणून सांगू! पण दुकानातला एक तोलणारा महालबाड होता. गिऱ्हाईक दुसरीकडे बघत असलं की पोत्याआडून तो पायाचा अंगठा हळूच माझ्या पाट्यावर टेकवायचा. त्या अंगठ्याची मला इतकी चीड होती! पण मी ओरडणार कसा? माझ्यावर जो भार पडेल तो दाखवणं एवढंच माझ्या हाती.

पुढे विजेवर चालणारे चकचकीत काटे आले आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. दांडी काळी पडली. अशी सात वर्षं गेली. मग एक दिवस नारणभाई राठवा आला. जांबुघोड्याच्या बाजूच्या जंगलात त्याच्या गावकऱ्यांनी झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून घसरत जायची सोय, बांधली होती. त्यानं मला चिंचेनं घासलं, तेल दिलं आणि म्हणाला, "याला लाइट नाही लागत, सेल नाही लागत. आपल्याला असाच जोईए!"

त्याला असाच का हवा होता, ते तिथे गेल्यावर कळलं. मित्रांनो, काय ती जागा! इथे एकाही झाडाला खिळा ठोकलेला नाही. खोडाभोवती लाकडी ठोकळे लावून, त्यावर पट्टे आवळून मचाणं बांधली आहेत. झाड जाड झालं की पट्टे सैल करतात. मागे एका मचाणाजवळ घुबडानं अंडी घातली, तर पिल्लं उडेपर्यंत ती तार बंद ठेवली. मोटर नाही, धूर नाही. उंच मचाणावरून माणूस निघतो तो आपल्याच वजनानं नाल्यावरून पलीकडे पोचतो. म्हणून तर आधी माझ्यावर उभं राहावं लागतं. तीस किलोच्या खाली असेल तर नारणभाई कुणाला तारेवर सोडत नाही, मग तो कुणाचाही लाडका असो.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी बडोद्याहून तिघं आले. तरसालीचे विश्वंभर आजोबा, पद्मा आजी आणि त्यांची नऊ वर्षांची नात अवंती. आजीच्या हातात थेपल्यांचा डबा, आजोबांच्या गळ्यात दुर्बीण. अवंती काटकुळी, पण डोळे असे लुकलुकणारे की बघत राहावं. आल्या आल्या तिनं नारणभाईला सगळं सांगून टाकलं. श्रावणात तिला टायफॉइड झाला होता. तोंडाची चव गेली होती, काही खावंसं वाटत नव्हतं. तेव्हा आजोबांनी कबूल केलं होतं, तीस किलोची झालीस की तुला जंगलात तारेवरून नेतो.

"आणि मी झाले तीसची! आमच्या घरच्या काट्यावर. दर रविवारी आजोबा वजन करायचे, दर रविवारी अर्धा किलो वाढायचं!"

"वाह बेटा! चढ बघू," नारणभाई म्हणाला.

ती माझ्यावर चढली. अरे, ही तीसची कुठली! मला तर तिचा भार जाणवला ना जाणवला. नारणभाईनं सरकतं वजन तिसावर आणलं आणि तेवढ्यात माझ्या पाट्याच्या मागच्या कडेवर काहीतरी टेकलं. मी ते ताबडतोब ओळखलं. अंगठा! पादरा गावातला तो लबाड अंगठा इतक्या वर्षांनी पुन्हा, आणि तोही आजोबांचा! माझी दांडी उचलली गेली.

"बराबर! तीस!" नारणभाई म्हणाला. अवंतीनं टाळ्या पिटल्या. तिला हेल्मेट चढलं, कमरेला पट्टे आवळले गेले, आणि ती नारणभाईच्या मदतनिसाबरोबर मचाणाच्या शिडीकडे पळाली. मला इतकी लाज वाटली की गंजून जावं.

आजोबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नारणभाई, हे तीसच का हो?"

"काका, हलकं माणूस मधेच थांबतं. समोरून वारा आला तर मागे जातं. खाली नाला, आणि ते तारेवर लटकत. दोरी टाकून ओढायला अर्धा तास. गेल्या साली एक छोकरो असा अडकला. रडून रडून बेजार. त्या दिवसापासून मी नहीं मानत कुणाचं."

आजोबा गर्रकन शिडीकडे वळले. अवंती शिडीच्या अर्ध्यावर पोचली होती.

"अवंती! खाली ये! आधी खाली ये!"

ती गोंधळून परत आली. रांगेत आणखी दहा-बारा माणसं उभी होती. त्या सगळ्यांसमोर आजोबा म्हणाले, "नारणभाई, हिचं वजन परत करा. मघाशी काट्यावर माझा पाय होता."

"अहो, काय केलंत हे!" आजी मटकन दगडावर बसल्या.

अवंती पुन्हा माझ्यावर उभी राहिली. माझी दांडी जागची हलली नाही. नारणभाईनं वजन मागे मागे सरकवलं तेव्हा कुठे अठ्ठावीसवर ती उचलली.

"पण घरी तीस होते!" अवंती रडकुंडीला आली.

"घरच्या काट्याखाली एक चाक असतं," आजोबा खाली मान घालून म्हणाले. "मी ते दर रविवारी थोडं फिरवत होतो. तू जेवत नव्हतीस गं. आकडा वाढला की तुझा चेहरा खुलायचा, त्या दिवशी अर्धी पोळी जास्त खायचीस. मला वाटलं, खरं वजन मागून येऊन गाठेल."

"म्हणजे मी बरी झालेच नाहीये?"

या प्रश्नावर त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कारखान्यात छत्तीस वर्षं दाबाचे मीटर वाचून आकडे लिहिणारा माणूस तो. एकही आकडा खोटा लिहिला नव्हता, असं मागाहून आजीच नारणभाईला सांगत होत्या.

"दवाखान्यातून आणली तेव्हा तू चोवीसची होतीस," आजोबा म्हणाले. "आज अठ्ठावीसची आहेस. हे चार किलो खरे आहेत, बाळा. विचार या काट्याला."

आजी डबा उघडत म्हणाल्या, "थांबा हो नारणभाई, आत्ता खायला घालते हिला. थेपले आहेत, ताक आहे."

"बा, थेपल्यानं एका दिवसात दोन किलो नहीं वाढत," नारणभाई आजींना हळूच म्हणाला. अवंतीनं डब्याकडे पाहिलंही नाही. हेल्मेट काढून माझ्यावर ठेवलं आणि ती गाडीत जाऊन बसली.

मित्रांनो, मी आयुष्यभर माणसं आणि पोती तोलली. अंगठा टेकवणारे पुष्कळ बघितले. पण टेकवलेला अंगठा चारचौघांत कबूल करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नात रुसेल, लोक हसतील, हे ठाऊक असून त्यांनी तिला शिडीवरून उतरवलं. त्या क्षणी माझा सगळा राग पळाला. मला तपासनिसाचा तो शिक्का आठवला आणि वाटलं, हातात असता तर आजोबांनाच मारला असता.

उत्तरायणाचे पतंग उडून गेले आणि जानेवारीच्या शेवटी गाडी पुन्हा आली. अवंतीच्या गालांवर तकाकी आली होती. चिक्की आणि उंधियू अंगी लागलं असावं! ती माझ्याजवळ आली. मागोमाग आजोबा सरसावले.

"आजोबा, तिथेच."

आजोबा थबकले. दोन पावलं मागे गेले.

"अजून मागे."

आजोबा गेले ते थेट मोहाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. शिवाय दोन्ही चपला काढून हातात धरल्या आणि म्हणाले, "हे बघ, दोन्ही पाय इथे आहेत!" रांगेतली माणसं खो खो हसली. अवंती हसली नाही. ती श्वास रोखून माझ्यावर चढली.

नारणभाईनं वजन तिसावर आणलं. सांगू? मी कधी कुणाची बाजू घेतली नाही, त्या दिवशीही घेतली नाही. पण मनातून देव पाण्यात घालून बसलो होतो. दांडी उचलली! त्यानं वजन आणखी थोडं पुढे सरकवलं. तरीही उचललेलीच. तीस आणि वर पाव.

अवंती कितीतरी वेळ त्या दांडीकडे बघत राहिली. मग मान वळवून म्हणाली, "आजोबा, या ना. जवळ या. आता चालेल."

आजोबा अनवाणीच धावत आले.

थोड्या वेळानं तारेवरून सर्रर्र आवाज आला आणि नाल्याच्या मधोमधून एक किनरी आरोळी ऐकू आली, "आजोबाऽऽ!" अवंती कुठेही न थांबता पलीकडे गेली.

मित्रांनो, तुम्ही कधी या जंगलात आलात, तर माझ्यावर चढण्यापूर्वी तळव्यांचा चिखल झटका, आणि महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्यायची नारणभाईला आठवण करून द्या. आणखी एक. तुमच्यातलं कुणी माझ्यावर उभं असेल, तेव्हा बाकीच्यांनी जरा लांब थांबा. मोहाच्या झाडाखाली आजोबांची जागा आहे, तिथून सगळं नीट दिसतं.