पाहुणं टेबल

दुकानात पाऊल टाकलं की गिऱ्हाईक आधी छताकडे बघायचं आणि मग डिझायनर बाईंचं कौतुक करायचं. छत जुन्या दरवाज्यांच्या फळ्यांचं होतं. माणूस जवळ आला की दिवे उजळायचे, लांब गेला की मंद व्हायचे. शहरातलं घर ते केवढं, हात पसरला की भिंत लागते. म्हणून बाईंनी अशी सोय केली होती की आपल्या खोलीचा फोटो दाखवायचा, की तिथे कपाट कसं दिसेल, दार उघडताना पलंगाला अडेल का, ते सगळं मोठ्या पडद्यावर उभं राहायचं. एखाद्या वस्तूपाशी फोन धरला तर ती पूर्वी ज्याची होती त्याच्याच आवाजात तिची हकिकत ऐकू यायची. नवं झाड कापायचं नाही, जुनं लाकूड घासूनपुसून पुन्हा संसाराला लावायचं, हा त्या दुकानाचा धर्म. तो निघाला होता बाईंच्याच डोक्यातून. घरी मात्र त्यांना कोणी बाई म्हणत नसे. घरी ती धाकटी.

आज तिला कौतुकाचा एकेक शब्द टोचत होता. दुपारी वहिनी येणार होती, आपलं टेबल न्यायला. आणि ते टेबल आता या जगात नव्हतं.

वहिनी म्हणजे नुसती भावजय नव्हे. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीच्या वेण्या वहिनीनेच घातल्या, परीक्षेला पहाटे तिनेच उठवलं, पहिल्या नोकरीला निघाली तेव्हा बस हलेपर्यंत तीच खाली उभी होती. दादा नकाशे काढायचा. त्याचं उतरत्या फळीचं टेबल खिडकीशी असे. फळीभर टाचण्यांची बारीक भोकं, कोपऱ्यात दौतीचा गोल डाग. दादा गेल्यावर वहिनी ते टेबल रोज पुसायची. दुकान उघडताना मांडायला देखणी जुनी वस्तू हवी म्हणून धाकटीने ते मागितलं, तर वहिनी चटकन म्हणाली, "ने की. दुकान मार्गी लागलं की मी न्यायला येईन. जपशील ना?"

"जिवापाड," धाकटी म्हणाली.

आता हे जिवापाड जपणं कसं झालं, ते ऐका. दुकानातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटाशी एक चिप चिकटवलेली होती. कोणी हात लावला, कोण बसून गेलं, यंत्राला सगळं कळायचं. बरेच दिवस जिला कोणी शिवलं नाही, ती वस्तू आपोआप मागच्या कारखान्यातल्या पडद्यावर जायची. तिथे मिस्त्रींनी ती सोडवायची, फळ्या कापायच्या आणि नवं काहीतरी करायचं. पडून राहायचं नाही, वाया जायचं नाही. उसन्या आणलेल्या वस्तूंसाठी मात्र धाकटीनेच एक खूण ठरवली होती, 'पाहुणा'. पाहुण्याच्या वाटेला यंत्र जात नसे.

मग एकदा पैसे लावणारी मंडळी दुकान बघायला यायची होती. अडकून पडलेल्या वस्तूंचा आकडा पडद्यावर ठळक दिसायचा आणि पाहुणेही त्यात धरले जायचे. मंडळींना तिथे शून्य दिसावं, असा मोह धाकटीला झाला. तिने सगळ्या पाहुण्यांच्या खुणा पुसल्या. शून्य दिसलं, टाळ्या पडल्या. संध्याकाळी तिने खुणा पुन्हा लावल्या, पण कौतुकाच्या धुंदीत एक राहून गेली. दादाच्या टेबलावर 'हात लावू नये' अशी पाटी होती. माणसं भली, कोणी हात लावलाच नाही.

तरीही टेबल वाचलं असतं. मिस्त्रींनी फोन केला होता. "बाई, ते नकाशांचं टेबल पडद्यावर आलंय. सोडवू का?"

धाकटी बैठकीत होती. तिने धड ऐकलंही नाही. "पडद्यावर आलंय ना? मग दर वेळी मला कशाला विचारता!" म्हणून तिने फोन ठेवून दिला.

कळलं तेव्हा फळ्या कापून विकूनही झाल्या होत्या. ती कारखान्यातच रडत बसली. दुकानाचे मालक धावत आले. माणूस वाईट नव्हता, त्यांना तिचं रडणं बघवेना. "अहो, चूक यंत्राची! आणि आपल्याकडे त्याचं मोजमाप आहे ना, भोकाभोकासकट? हुबेहूब दुसरं करू. त्यांना पत्ताही लागायचा नाही."

आणि तसं झालं. यंत्राने टाचणीचं एकेक भोक जागच्या जागी पाडलं. शाईचा डाग मात्र मिस्त्रींना हाताने द्यावा लागला. त्यांनी मान वर केली नाही. धाकटी शेजारी उभी राहून सांगत होती, "अजून थोडा फिका." हे सांगताना तिचा आवाज अगदी शांत होता.

वहिनी आली ती हसतच. "अगंबाई! हे दिवे मला बघून पेटले की काय?"

"तुला बघूनच."

"मग जरा आमच्या घरच्यांना शिकव. बटण दाबलं तरी मेले विचार करत बसतात!"

टेबल दिसताच तिने पिशवी खाली ठेवली. जवळ गेली, फळीवरून तळवा फिरवला. "कसं गं ठेवलंस! मला उगीच घोर, कोणी चहा सांडेल, कोणाची पोरं चढतील..." तिचं बोट भोकांच्या एका वाकड्या रांगेवर थांबलं. "ही नदी. इतक्या टाचण्या मारल्या होत्या, मी म्हटलं, अहो, पळून जाणार आहे का ती?"

धाकटीला हसू फुटेना.

"ऐक," वहिनी म्हणाली, "मी न्यायला नाही आले. घरी मी त्याला नुसती पुसत बसते. तूच म्हणतेस ना, वस्तू पडून राहू नये? एखादी चित्रं काढणारी मुलगी नेऊ दे. फक्त ते फोन धरला की बोलतं ना, तिथे मी बोलणार. घरून ठरवून आलेय. कर सुरू."

धाकटीने रेकॉर्डर सुरू केला. वहिनीने घसा साफ केला. "हे टेबल आमच्या ह्यांचं. ह्यांचे हात याच्यावर इतके फिरलेत, की..."

धाकटीने रेकॉर्डर बंद केला.

"काय गं? चुकलं का माझं?"

"वहिनी, याच्यावर दादाचा हात कधीच फिरलेला नाही."

मग तिने सगळं सांगितलं. शून्य सांगितलं, खुणा सांगितल्या, तो फोन सांगितला. 'यंत्राची चूक' हे शब्द जिभेवर आले होते, ते तिने गिळले.

वहिनीने फळीवरचं बोट हळूच उचलून घेतलं. "मग आत्ता मी कोणाशी बोलत होते?"

धाकटीच्या तोंडून नको ते निघून गेलं. "तू नाहीतरी देणारच होतीस ना..."

"देणार होते," वहिनी म्हणाली. "मला द्यायचं होतं गं." तिने मान वर केली. "कापलं तेव्हा तू होतीस जवळ?"

"नाही."

"आणि हा डाग दिला तेव्हा?"

धाकटीने डोळे मिटले. "होते."

पिशवी खांद्याला लावून वहिनी दाराकडे निघाली. धाकटी मागे धावली. "फळ्या कोणाकोणाकडे गेल्या ते यंत्रात आहे. मी जाऊन मागते, परत आणते!"

"खबरदार! त्यांनी हौसेने नेल्यात. त्यांचं काय चुकलं?"

"मग संध्याकाळी घरी येऊ?"

"नको. मी बोलावीन तेव्हा ये."

"पण बोलावशील ना?"

वहिनी पायरीवर थांबली. रागावली असती तर बरं, असं धाकटीला वाटलं. पण त्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"तेवढं तरी माझ्या हातात राहू दे," वहिनी म्हणाली.

समोर गाड्यांची रीघ होती. वहिनी रस्त्याला बिचकते, म्हणून सवयीने धाकटीचा हात पुढे गेला. वहिनीने तो पाहिला, पण धरला नाही. बराच वेळ कडेला थांबून, डावीउजवीकडे बघत, ती एकटीच पलीकडे गेली.