विधवेची साक्ष

तुम्ही खोटं लिहिलंत. जाड कागदावर, वर गोल शिक्का मारून लिहिलंत, की एव्हेलिओ बारागान नावाचा माणूस मंगळवारच्या बैठकीला एकदाही आलेला नाही. सबब त्याला नशामुक्तीच्या निवासी उपचाराची खाट देता येत नाही. खाली सही कुणाची? कुणाचीच नाही. नुसतं 'पात्रता विभाग'.

एव्हेलिओ अठरा मंगळवार आला होता. पीच भरायच्या शेडमधून पाचला सुटायचा आणि घरी न जाता सरळ धुलाईच्या दुकानामागच्या खोलीत. मानेला पीचची लव चिकटलेली असायची, बैठकभर खाजवत बसायचा. पण बसायचा.

आता तुम्ही म्हणाल, हजेरीच्या कागदावर नाव कुठंय? सांगतो, मीही त्याच खोलीतला.

बैठक चालवतो अबेलार्दो. अठ्ठावन्न वर्षांचा, क्रिस्टलची नशा सोडून एकोणीस वर्षं झालेला, आणि सगळ्यांची मावशी. त्यानं पहिल्या आठवड्यात तुमचा कागद फिरवला होता: पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता. अकरा जण आले होते. पुढच्या मंगळवारी तीन. बाकीचे का आले नाहीत हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. कुणाकडे या देशात राहायची कागदपत्रं नाहीत, कुणाचा मेहुणा गावभर बोलत सुटतो, कुणाला बायको आहे. पुरुषावर जीव जडतो आणि क्रिस्टलची नळी सुटत नाही, या दोन गोष्टी एकाच कागदावर, खऱ्या नावानं, कोण लिहून देईल? तुम्ही द्याल?

मावशीनं तुमच्याकडे फोन केला. तुमचा माणूस हसून म्हणाला, "काहीही लिहा हो. डोकी मोजता आली म्हणजे झालं."

तेव्हापासून खोलीत बारसं सुरू झालं. नवा माणूस कागदावर 'नवी' एवढंच लिहायचा. नळीशिवाय तीस दिवस काढले की त्याचं नाव ठेवायचं. गुलाबी साखरेचे गोड पाव यायचे, मक्याचं पीठ घातलेलं गरम चॉकलेट यायचं, मावशी नळाच्या पाण्यानं अंगठा भिजवून कपाळाला लावायचा. एव्हेलिओची पाळी आली तेव्हा मावशीनं विचारलं, "काय ठेवायचं गं हिचं?"

"शेडमध्ये फळांच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून हुकूम सोडते," शेजारच्या खुर्चीवरचा उबाल्दो म्हणाला. "परवा मुकादमालाच पेटी उचलायला लावली. जेनेराला ठेवा. सेनापतीण."

"सैन्य कुठंय माझं?" एव्हेलिओनं विचारलं.

"हे काय समोर. एकीचे गुडघे गेलेत, दुसरीला साखर आहे. भागव यातच."

उबाल्दोचं स्वतःचं नाव होतं विउदा, म्हणजे विधवा. घरी बायको धडधाकट, तीन मुली, आणि याचं नाव विधवा. त्यावर तोच सगळ्यात जास्त हसायचा. दर मंगळवारी इंग्रजीच्या क्लासला जातो असं घरी सांगून यायचा.

एव्हेलिओनं चार मंगळवार 'नवी' लिहिलं आणि चौदा मंगळवार 'ला जेनेराला'. एव्हेलिओ हे नाव त्याचा बाप मारायला कमरेचा पट्टा काढण्याआधी घ्यायचा. नळी ओढायचा तो एव्हेलिओ. जीव द्यायला गेलेल्याला कालव्यातून बाहेर काढल्यावर दवाखान्यातल्या पलंगाला जी चिठ्ठी अडकवली, तिच्यावरही एव्हेलिओच. शुद्धीवर असलेल्या माणसाचं नाव जेनेराला होतं. त्यानं खरं तेच लिहिलं.

खाट त्याला कशाला हवी होती? तो आपल्या जोडीदाराबरोबर, चेमाबरोबर, चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहायचा आणि चेमाची नळी जेवणाच्या टेबलावर असायची. म्हणून एव्हेलिओ गाडीच्या मागच्या सीटवर झोपायचा. आणि महिनाअखेर पीचचा हंगाम संपणार होता. मग रिकामे दिवस. आधी दोनदा रिकाम्या दिवसांनीच त्याला कालव्यापर्यंत नेलं होतं. तुमच्या त्या घरात आठ खाटा, नव्वद दिवस, आणि अख्ख्या खोऱ्यात मनाच्या दुखण्यावर स्पॅनिशमध्ये बोलणारी एकुलती एक डॉक्टरीण. अट काय, तर बैठकीच्या बारा हजेऱ्या. त्यानं अर्ज केला आणि तुमचं पत्र आलं.

गुरुवारी सकाळी मावशी, एव्हेलिओ आणि आणखी पाच जण अर्धा दिवस बुडवून तुमच्या खिडकीपाशी उभे राहिले. खिडकीतल्या बाईनं हजेरीचे कागद चाळले.

"ला जेनेराला कोण?"

"मी."

"ओळखपत्रावर असं नाव नाही."

"ओळखपत्रावरचा फोटोही माझ्यासारखा नाही, बाई. तो चालतो ना?"

बाईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. आत जाऊन आली. "साहेब म्हणतात, बैठकीतल्या कुणी खऱ्या नावानं लिहून दिलं, की हा माणूस तिथं बसायचा, तर विचार करता येईल. ओळखपत्र दाखवून. एकजण पुरे."

"मी देतो," मावशी म्हणाला.

"तुम्ही बैठक चालवता. तुमचं धरत नाहीत."

मग घोडं अडलं. पाच माणसं. दोघांकडे कागदपत्रंच नाहीत, त्यांनी जमिनीकडे बघितलं. एकानं टोपी काढली, पुन्हा घातली. एव्हेलिओनं सगळ्यांची तोंडं वाचली आणि म्हणाला, "कुणी पुढं यायचं नाही. चला. कामं बुडतायत."

उबाल्दोनं पाकीट काढलं. तिसऱ्या खिडकीत त्याच्या बायकोचा भाचा बसला होता, आल्यापासून इकडेच बघत होता, आणि उबाल्दोला ते दिसत होतं. तरी त्यानं ओळखपत्र काचेखालून सरकवलं.

"लिहा. उबाल्दो सेपुल्वेदा. मी अठरा मंगळवार याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. याच्या वाटचा पावही कितीदा मीच खाल्लाय."

"विउदा, येडी झालीस का?" एव्हेलिओ पुटपुटला.

"गप बस. सेनापतीण आहेस ना? शिपाई पुढं गेला म्हणून रडायचं नाही."

तिसऱ्या खिडकीतली कीबोर्डची टकटक थांबली होती.

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, उबाल्दोच्या घरी कळलं. कपड्यांच्या दोन पिशव्या पायरीवर आल्या. तो मावशीच्या सोफ्यावर झोपायला लागला. मुली फोन उचलेनात. मंगळवारी खोलीत येऊन म्हणाला, "इंग्रजीचा क्लास संपला. नापास झालो."

नवव्या दिवशी तुमचं दुसरं पत्र आलं. मावशीनं मोठ्यानं वाचलं. उबाल्दो सेपुल्वेदा हे नाव हजेरीच्या कोणत्याही कागदावर आढळत नाही. सबब तो बैठकीस उपस्थित होता हे सिद्ध होत नाही. जो उपस्थित नव्हता त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. खाट पुढील अर्जदारास देण्यात आली आहे. खाली: 'पात्रता विभाग'.

मावशीनं पत्राची घडी घातली. उबाल्दोनं ती हातात घेतली. "म्हणजे मी नव्हतोच," तो म्हणाला. "हे आधी आलं असतं तर बायकोला दाखवता आलं असतं."

हंगाम शुक्रवारी संपला. सोमवारी एव्हेलिओ उठला, दाढी केली, आणि कालव्याच्या रस्त्याला न वळता तुमच्या कार्यालयात आला. खिडकीशेजारी भिंतीवर तुमचं मोठं रंगीत पत्रक लावलेलं आहे. धुलाईच्या दुकानामागच्या खोलीतल्या खुर्च्यांचा फोटो, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: मंगळवारची बैठक, वर्षभरात चारशे बारा उपस्थिती.

"या चारशे बारात माझे अठरा धरलेत का?" त्यानं खिडकीतल्या बाईला विचारलं.

"ते आकडे दुसऱ्या विभागाचे असतात."

"कागद तेच ना?"

बाईनं मान वळवून पत्रक पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हो. कागद तेच."

एव्हेलिओनं तिच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. बाकावर बसून लिहिला. मान अजून खाजत होती. खाली दोन्ही नावं घातली, एव्हेलिओ बारागान आणि ला जेनेराला, आणि कागद काचेखालून आत सरकवला. मग पुन्हा बाकावर येऊन बसला. बाई म्हणाली, उत्तराला वेळ लागेल. तो म्हणाला, त्याला आता वेळच वेळ आहे.

कागद तुमच्या टेबलावर आलाय. दोनच ओळी आहेत त्यात. बढाई मारताना जी डोकी मोजलीत आणि खाट देताना जी पुसलीत, ती कुणाची होती? त्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं?

बाहेर बाकावर माणूस बसलाय. उत्तर लेखी द्या. आणि खाली विभाग नको. नाव घाला, तुमचं खरं, ओळखपत्राशी जुळणारं.