कॅमेऱ्याच्या पाठीमागून

लग्न झालं तेव्हापासून मी नवऱ्याला पुसत आलेय. हे ऐकून शेजारच्या हंसाबेन तोंडाला पदर लावून हसतात, पण यात हसण्यासारखं काही नाही, आमचा घरचा धंदाच तो आहे. बिल्डरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये हरिश्चंद्र, म्हणजे आमचे हे, मधोमध स्टँड रोवतात, त्यावरचा कॅमेरा सावकाश गोल फिरत एकामागून एक फोटो काढत जातो, आणि मग घरी कॉम्प्युटरवर त्या सगळ्या फोटोंची कडेला कड जुळवून मी अख्खी खोली शिवून काढते, म्हणजे गिऱ्हाइकाला घरबसल्या मान फिरवल्यासारखा हॉल बघता येतो. कॅमेरा फिरेल तसं माणसानं त्याच्या पाठीमागून फिरायचं असतं, नाहीतर तो फोटोत सापडतो. हे हमखास सापडतात. मोरव्याच्या एका साइटवर पाय मुरगळला तेव्हापासून तर लंगडत मागेच पडतात, विचारूच नका. कुठे कोपर, कुठे भिंतीवर सावली, डावा हात कमरेवर टेकलेली. मग मी शेजारच्या लादीचा तुकडा उचलते आणि त्यांच्यावर चिकटवून देते.

पण गेल्या काही महिन्यांपासून हे खरंच इथे नसायचे. गॅलरीतल्या खुर्चीत घोडबंदरच्या बाजूला तोंड करून बसलेले, डोळे टक्क उघडे, आणि मी चार हाका मारल्या तरी ओ म्हणून नाही. खांदा हलवला की दचकून माझ्याकडे बघायचे, लांबच्या गावाहून आत्ता उतरल्यासारखे. जेवायला बसले की पहिलाच घास कितीतरी वेळ चावत राहायचे. डॉक्टरांना दाखवलं, मेंदूचे फोटो काढून झाले, सगळं नॉर्मल. नॉर्मल म्हणे! ज्याच्याशी अर्धं आयुष्य भांडले तो माणूस डोळ्यांदेखत हातातून निसटत चाललाय आणि आपण नुसतं बघत बसायचं!

“अहो, असता कुठे हल्ली?” मी विचारायची.

“इथंच तर आहे,” ते म्हणायचे.

म्हणूनच उत्तनच्या शाळेतल्या ऑड्रे टीचरनी एक काम आणलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मंगळावर उतरलेल्या एका यानानं एका जागी उभं राहून, कॅमेरा गोल फिरवून, भोवतालचे फोटो पाठवले होते. इंटरनेटवर ते सुटे सुटे कुणालाही मिळत होते. टीचरना ते शिवून मोठ्या गोल पडद्यावर छापून हवे होते, म्हणजे शाळेच्या हॉलमध्ये पडद्याच्या आत उभं राहिलेल्या पोरांना मंगळावर उभं राहिल्यासारखं वाटेल. मला वाटलं, फ्लॅट बघून बघून विटलेल्या ह्यांचंही मन जरा रमेल. ह्यांनी मात्र स्क्रीनकडे एकदाच पाहिलं, “हो, छान आहे,” म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

काम सोपं होतं. तिथे ना आरसा, ना ट्यूबलाइटची तिरीप, ना कुणाचं कोपर. तांबूस वाळू, दगड, पुन्हा वाळू. मी आपली गुणगुणत शिवत चालले होते, तोच एका फोटोच्या उजव्या कडेला काळपट काहीतरी दिसलं. यानाचाच एखादा पाय असेल म्हटलं. पण त्याच्या पुढच्या, थोड्या वेळानं काढलेल्या फोटोत डाव्या कडेला तीच जागा होती, तेच दगड होते, आणि काळपट काही नव्हतं. पुढच्या जोडीत पुन्हा तोच प्रकार, त्याच्याही पुढच्या जोडीत तोच. दर वेळी उजवी कड, आणि दर वेळी पुढच्या फोटोत सगळं साफ. दुसऱ्या कुणी हे बघितलं असतं तर त्याच्या लक्षातही आलं नसतं, पण मी उभा जन्म हेच निस्तरतेय. कुणीतरी त्या कॅमेऱ्याच्या पाठीमागून चालत होतं, फोटोत सापडू नये म्हणून जपत होतं, आणि मागे पडत होतं.

मी फोटो मोठा केला. वाळूवर सावली होती. डावा हात कमरेवर टेकलेली.

“अहो, इकडे या! आत्ताच्या आत्ता या!”

भर दुपार होती, खाली भंगारवाला ओरडत होता. हे आले, माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. ते हसतील, निदान ‘वेड लागलंय तुला’ असं तरी म्हणतील, अशी मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. तेवढं म्हणाले असते तरी मी त्यांना साखर भरवली असती.

“मागे पडलो जरा,” ते म्हणाले. “वाळूत पाय रुततो गं.”

“काय बोलताय तुम्ही?”

“पुसून टाक ना. नेहमी पुसतेस की.”

“मेले तरी पुसणार नाही!” मी ओरडले. मग रडले, त्यांना दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं, नको नको ते बोलले. ते वळून गॅलरीत निघून गेले. मी रागारागानं ती सावली तशीच ठेवून काम टीचरना पाठवून दिलं.

दुसऱ्याच दिवशी टीचरांचा फोन आला. “सगला झकास हाय सुचेता, पण त्या कडेला काला काला काय दिसतंय? पोरं हैराण करतील मला. काढून टाक ना. छापणारा थांबलाय.”

काय सांगणार होते मी त्यांना? माझा नवरा आहे म्हणून? फोन ठेवला आणि कितीतरी वेळ नखं चावत बसले. डाग आहे, साधा डाग, काचेवर धूळ बसली असेल, असं स्वतःला शंभरदा बजावलं. गॅलरीत हे बसलेले दिसत होते, पाठमोरे. मग हाताला सवयच होती, डोळ्यांनी बघायचीही गरज नव्हती. शेजारची वाळू उचलली, सावलीवर चिकटवली, एकेक करत सगळ्या कडा साफ केल्या. काम संपवून मान वर केली तर खुर्ची रिकामी. आत गेले असतील, म्हटलं.

पुढचे काही दिवस घरात त्यांची चाहूल लागायची, पण समोरासमोर गाठ काही पडली नाही. मग यानानं पुन्हा गोल फिरून फोटो पाठवले. टीचरनी मागितले नव्हते, तरी मीच उतरवून घेतले आणि कड न् कड तपासली. कुठेच काही नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी येड्यासारखी पुन्हा पुन्हा शोधत राहिले. शेवटी राहवेना, तेव्हा उठून हॉलमध्ये आले.

“अहो!”

“इथंच आहे.”

पहिल्याच हाकेला ओ! इतक्या जवळून, इतका ताजा आवाज. मला भरून आलं. मी वळले, तर समोर कपाट.

“कुठे?”

“इथं गं.” पुन्हा पाठीमागून.

मी फिरत राहिले. खिडकी, देव्हारा, दार, कपाट, पुन्हा खिडकी. फरशीवर त्यांची पावलं माझ्या पाठीमागून, माझ्या बरोबरीनं फिरत होती, कुठे अडखळत नव्हती, जराही मागे पडत नव्हती.

“अहो, तोंड तरी दाखवा एकदा,” मी म्हटलं. रडूच फुटलं मला. आणि मी गर्रकन उलटी वळणार, एवढ्यात माझ्या दोन्ही खांद्यांवर हात आले, ओळखीचे, गरम, आणि त्यांनी मला हलक्या हातानं पुन्हा समोर वळवलं.