गुरुजी उठतात कसे

शरच्चंद्र गुरुजींचा उजवा गुडघा बरेच दिवस घरातल्या सगळ्यांच्या बोलण्यात होता. फक्त गुरुजींच्या नव्हता. "गुडघा ठीक आहे," एवढंच ते म्हणत, आणि म्हणताना जवळच्या दाराची चौकट धरून उभे असत.

त्यांची नात आभा नुकतीच फिजिओथेरपिस्ट झाली होती. आता पुढच्या पदवीसाठी तिला दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक नाशिकमध्येच, हाडं आणि स्नायूंच्या शाखेत. दुसरी पुण्यात, कम्युनिटी फिजिओथेरपीला. म्हणजे माणूस दवाखान्यात येण्याची वाट बघत बसायचं नाही. तो जिथे राहतो, राबतो, तिथे जाऊन त्याचं काय दुखतं ते बघायचं. आभाचं मन या दुसऱ्या शाखेवर होतं. तिच्या आत्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ते ऐकून पाठ झालं होतं. सोमवारी होकार कळवायचा होता आणि शुक्रवारी ती आजीला म्हणाली, "मी नाशिकच घेते."

"का गं?"

"घरचा डबा मिळेल."

इंदिराबाईंनी चष्म्यावरून बघितलं. या मुलीने पहिल्या पदवीची सगळी वर्षं घरचा डबा कॉलेजच्या मांजराला घातला होता. मांजर चांगलं तुकतुकीत झालं होतं.

"डब्याचं नाव पुढे करू नकोस. आजोबांच्या गुडघ्यासाठी थांबतेयस तू."

"त्यांना सांगू नकोस हं, आजी."

इंदिराबाईंनी सांगणार नाही असं कबूल केलं आणि चहाचा कप घेऊन त्या थेट गुरुजींकडे गेल्या.

गुरुजींचा चहा गार झाला. आपल्या एका गुडघ्यापायी पोरीने मनातलं शिक्षण सोडावं, हे काही त्यांना झेपेना. त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या यजमानांना त्यांनी आयुष्यभर अडचणीगणिक विधी सांगितले होते; या अडचणीवर विधी नव्हता. उपाय एकच. गुडघा ठणठणीत आहे हे सिद्ध करायचं.

"आभा, रविवारी माझ्याबरोबर त्र्यंबकला चल," ते म्हणाले. "दुपारपर्यंत मांडी घालून बसतो आणि उठतो. डोळ्यांनी बघ, मग काय ते ठरव."

"मी कुठे काय म्हटलं?"

"मी तरी कुठे काय म्हटलं?"

मागे एकदा आभाने त्यांना खुर्चीवर बसून पूजा सांगायला सुचवलं होतं. तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "यजमान पाटावर आणि मी खुर्चीवर. त्याच्या हातावर पळीने पाणी सोडायला गेलो तर ते डोक्यावर पडेल. अभिषेक महादेवाला असतो, यजमानाला नाही."

रविवारचे यजमान इगतपुरीकडचे निवृत्ती. भाताची शेती, रुंद खांदे, आणि त्यांच्या आजोबांच्या काळापासून पूजेला हेच गुरुजींचं घराणं. अभिषेक यथासांग झाला. आभा पूजेच्या हॉलच्या भिंतीला टेकून बसली होती. आजोबा मंत्रांच्या मधे मधे तिच्याकडे बघत होते, परीक्षेला बसलेला मुलगा पर्यवेक्षकाकडे बघतो तसे.

शेवटी निवृत्ती नमस्काराला वाकले. गुरुजींनी त्यांच्या मस्तकावर उजवा हात ठेवला, डोळे मिटले आणि "आयुष्मान" म्हणाले. निवृत्तींचं डोकं खाली जाऊ लागलं. गुरुजी वर येऊ लागले. "भव" म्हणेपर्यंत गुरुजी ताठ उभे होते आणि निवृत्तींचं नाक फरशीला लागलं होतं.

गुरुजींनी आभाकडे विजयाने बघितलं.

आभाने मात्र हॉलमधल्या बाकीच्या पूजांकडे बघायला सुरुवात केली होती. सगळे वयस्कर गुरुजी असेच उठत होते. एकांनी तर सडपातळ यजमानाला थांबवून आधी त्याच्या धिप्पाड मेव्हण्याला आशीर्वाद दिला.

ती निवृत्तींजवळ जाऊन बसली. "काका, मान दुखते का हो?"

"दुखती ना. हितून गेलं का दोन दिस वळत नाय."

"मग औषध?"

"औषध कशाला? गुरुजींचा हात लागलाय म्हणून दुखती." त्यांनी कौतुकाने मान चोळली. "आमच्या बाच्या वक्ताला एवढा जोर नव्हता. आता लय जोर आलाय हाताला."

चपला घालताना गुरुजींनी विचारलं, "बघितलंस ना?"

"बघितलं. गुडघा वाईट आहे. निवृत्तीकाकांची मान त्याहून वाईट आहे."

गुरुजी थोडा वेळ चपलेचा अंगठा शोधत राहिले. "कळलं होय तुला."

"हे कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"मंत्र?"

"मंत्र आधी. उठायचं नंतर, साठी जवळ आल्यावर." त्यांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे आता तू नाशिकच घेणार."

"नाही. पुणे."

गुरुजींना हेच हवं होतं. तरी ऐकल्यावर त्यांनी भिंत धरली.

"नाशिकला राहिले तर तुमचा गुडघा रोज बघीन," आभा म्हणाली. "पण रविवारी तुम्ही परत इथेच बसणार, तसेच उठणार. आणि तुमच्यासारखे इथे हॉलभर आहेत. मला हेच शिकायचंय, आजोबा. दोन वर्षांनी येते परत. तोवर व्यायाम रोज सकाळी फोनवर, मी बघणार."

"म्हणजे सुटका नाहीच."

"नाही. आणि पाटाऐवजी चौरंगावर बसायचं."

"चौरंगावर देव बसतात गं."

घरी गेल्यावर हा मुद्दा इंदिराबाईंनी निकालात काढला. "नवा करून घ्या. ज्यावर अजून देव बसलेला नाही असा."

आभा पुण्याला निघाली तेव्हा नव्या चौरंगावर बसलेल्या आजोबांसमोर ती वाकली. हात डोक्यावर आला. तिने निवृत्तीकाका आठवून मान घट्ट केली. हात हलकाच राहिला. मग तो उचलला गेला. आजोबांनी पावलं मागे घेतली, पुढे झुकले, परत बसले, आणि दुसऱ्या प्रयत्नात एकटे उभे राहिले. आजींनी पदर डोळ्यांना लावला आणि डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाल्या.

श्रावणात निवृत्ती पुन्हा आले. अभिषेक झाला, गुरुजी आपले आपण उठले, निवृत्ती वाकले, आशीर्वाद मिळाला. तरी ते तिथेच घुटमळत राहिले.

"गुरुजी, आमचं काय चुकलं का?"

"का हो?"

"हात लय हलका लागला यंदा."

गुरुजींनी इकडे तिकडे बघितलं. मग उभ्या उभ्याच हात परत त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि, त्यांच्या समाधानासाठी, थोडा दाबला.