चौकशीला आलेला पाहुणा

"गावाला सांगा तरी!" बायकोने कोळपं थांबवलं. "साहेब चौकशीला येणार म्हणतात. चार माणसांना ठाऊक नको?"

"काय सांगू? मी निकामी झालोय, तसा दाखला द्या म्हणून?" बांधावर पाय लांब करून बसलेला फौजी गुरकावला.

फौजेत असताना दारूगोळ्याची पेटी पाठीवर घेऊन तो खंदकात कोसळला होता. पेटी शाबूत राहिली, कंबर आणि गुडघा राहिला नाही. पेटीची नोंद कचेरीत होती, गुडघ्याची नव्हती. दोन अर्ज परत आले. तिसरा शेवटचा. पेन्शन मंजूर झाली तर शेतात गडी लावता येणार होता; आता बायकोच्याही कमरेला पट्टा आला होता.

साहेब आला तो साध्या कपड्यांत. न्हाव्याच्या दुकानात टेकला आणि हळूच म्हणाला, "फौजी माणूस कसा आहे हो?"

न्हाव्याचा वस्तरा थबकला. फौजीची पोरगी लग्नाची. परका, नीटनेटका माणूस घरची चौकशी करतोय. अशी चौकशी गावात एकाच कामासाठी व्हायची, आणि तिची उत्तरं गावाला पाठ होती.

"माणूस? अहो, पोलाद!"

"शेती कोण करतं?"

"एकटा तोच! बायको बिचारी सावलीत बसून कंटाळते."

"दुखणं वगैरे?"

"परवाच एका हाताने पोतं उचललं," शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून जोड दिली. पोतं त्याच्या स्वतःच्या बायकोने उचललं होतं. पण पोरीचं भलं होत असताना तपशिलात कोण शिरतो?

साहेबाने सगळं लिहून सह्या मागितल्या. मोठ्या घरची माणसं, सगळं कागदावर लागत असेल, म्हणून दोघांनी ठसठशीत सह्या केल्या.

घरी येऊन साहेबाने तो कागद वाचून दाखवला. फौजी खाटेची कड धरून उठायला धडपडला.

"राहू द्या. हे खोटं असेल तर तसं लिहून द्या. मग दोघांना कचेरीत ओढतील. खोट्या साक्षीचं त्यांचं ते बघतील."

"द्या लिहून!" बायको म्हणाली.

फौजीने कागद पुन्हा वाचला. सोयरिकीच्या चौकशीला गाव देतं तीच ही उत्तरं. पोरीसाठी एवढं खोटं सख्खे भाऊही बोलले नसते.

"खरंय साहेब," तो म्हणाला. "लिहिलंय ते खरंय."

बायको आत गेली.

संध्याकाळी न्हावी आणि शिंपी अंगणात हजर. "काय फौजी, जमलं का? आम्ही काही कसर ठेवली नाही बरं!"

"नाही रे. त्यांना मोडका माणूस हवा होता."

"मोडका?" शिंप्याने कपाळावर हात मारला. "असल्या येड्यांच्या घरी पोर द्यायचीच नाही!"

दोघे खदखदून हसले. फौजीही हसला. आतलं बायकोचं रडणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून जरा मोठ्यानेच हसला.