वरचं पाणी

सकाळी नऊला टोकावड्याच्या अलीकडे एसटी थांबली आणि निम्मी रिकामी झाली. उतरलेल्यांच्या हातांत रिकाम्या बाटल्या होत्या. रस्त्याच्या उतारावर पायऱ्यांची विहीर आहे. तिच्याभोवती तीनेकशे माणसं उभी होती आणि मधोमध शेखरबुवा. बुवांनी विहिरीतलं पाणी ताम्हणात ओतलं, त्यात पेटता कापूर सोडला. पाणी भडकन पेटलं.

"बगा! पाण्यात आग! शास्त्रज्ञांना जमंल का?" बुवा गरजले. "ही ज्वालाई! सात पाताळं फोडून वर आली. लोकं तिला शोधायला हिमालयात जातात, आनि तुमच्याकडं ती आपल्या पायानं आली. ती पन हायवेला लागून!"

हायवेला लागून, एवढं मात्र खरं होतं.

या विहिरीवर बायकांची एक जुनी सवय होती. कळशी बुडवण्याआधी तिच्या बुडाने पाणी दोनदा हलवायचं, वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा आणि मगच भरायचं. बुवांनी पहिल्याच दिवशी ती सवय मोडली. "वरचं पाणी सारायचं नाय. देवी वर तरंगते. वरचं तेच तीर्थ." पाण्याला उग्र वास होता. तो देवीचा, असं बुवांनी सांगितलं आणि शेजारी धूप जाळला.

रांगेत धोंडूबाई होती, कडेवर चार वर्षांची नात चिमी. चिमीला महिनाभर खोकला होता. सहा दिवस ती रोज एक पळी तीर्थ घेत होती. आज तिची मान आजीच्या खांद्यावर लोंबत होती.

"बुवा, पोर ओकते. धाप पन लागलीय तिला."

"ओकू दे गो. रोग भाईर पडतोय. आज दोन पळ्या पाज."

हर्षाली त्याच वेळी जीपमधून उतरली. भूगर्भातलं पाणी तपासणं हे तिचं काम. पंधरा दिवसांपूर्वी तिने विहीर आणि वर हायवेवर असलेला पेट्रोल पंप यांच्यामध्ये तपासणीचे तीन बोअर मारले होते. आज सकाळीच त्या बोअरचं पाणी पाहून झालं होतं, आता विहीर तपासायची होती. तिची नजर आधी चिमीच्या ओठांवर गेली. ते निळसर पडले होते.

"आजी, जीपमध्ये बसा. मुरबाडला दवाखान्यात जाऊ."

"नको बाय. सात दिवस पुरं करायचं. तीर्थ अर्दं सोडलं तर देवी कोपते."

हर्षालीने वाद घातला नाही. पारदर्शक नळी विहिरीत सोडली, वर काढून सगळ्यांसमोर धरली. नळीत दोन थर होते. वर दोन बोटं नारिंगी, खाली साधं पाणी. विहिरीपासून लांब जाऊन तिने दोन ताटल्यांत दोन्ही वेगळं ओतलं आणि काडी ओढली. वरचं पेटलं. खालच्यात काडी विझली.

"बुवा, देवी वरच्या दोन बोटांतच राहते का?"

"खालचं अपवित्र!"

"मग वरचं पवित्र तुम्ही घ्या एक पळी."

"आज माजा उपास हाय."

"उपासाला तीर्थ चालतं की रे बुवा!" गर्दीतून बुधू म्हणाला. बुधू गाड्या दुरुस्त करतो. पुढे येऊन त्याने नळी हुंगली आणि त्याचा चेहरा उतरला. "हे तर पेट्रोल! रोज हाताला लागतं माज्या. हितं वास आला तवा मी हात जोडलं."

बुवांच्या आसनाखालून कुणीतरी सीलबंद पाण्याची बाटली ओढून काढली. कुणी हसलं नाही.

"पंपाची जमिनीखालची टाकी गळते आहे," हर्षाली म्हणाली. "पंपाला जो बोअर जवळ, त्यात हा थर सगळ्यात जाड आहे. पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून ते वर तरंगतं. खालचंही पिऊ नका. त्यात विरघळलेलं डोळ्यांना दिसत नाही."

"म्हंजे, मी पोरीला..." धोंडूबाईने हातातली पळी टाकली आणि जीपकडे धावली.

मुरबाडहून चिमीला ठाण्याला हलवलं. ओकताना पेट्रोल फुप्फुसांत गेलं होतं. दोन दिवस आधी आणली असती तर, एवढंच डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमी गेली.

बुवा कोठडीत आहेत. पंप बंद आहे. टाकी उकरली तेव्हा तिच्या बुडाला गंजून पडलेलं भोक करंगळीएवढं निघालं. बोअरमधून पेट्रोल उपसणं सुरू आहे, दर महिन्याला पाणी तपासलं जातं. विहीर पुन्हा पिण्याजोगी व्हायला काही वर्षं लागतील. वाडी टँकरचं पाणी पिते.

कुठलंही पाणी पेटलं तर हात जोडण्याआधी त्याचा वास घ्या, ते तपासायला द्या आणि जो ते तीर्थ म्हणून देतो त्याला आधी प्यायला सांगा. एवढ्यासाठी शास्त्रज्ञ असावं लागत नाही. मूल आजारी असेल तर दवाखाना गाठा, त्याच दिवशी.

बाटल्या घेऊन माणसं अजून येतात. विहिरीच्या कुंपणापाशी धोंडूबाई बसलेली असते. ती कुणाला शिव्या देत नाही. तिच्याजवळ या विहिरीतल्या वरच्या पाण्याची झाकणबंद बाटली आहे. आलेल्याच्या नाकाशी ती झाकण उघडून धरते.

"आदी वास घे," ती म्हणते. "मला बी आला होता."