रंगाखालचा कठडा

मी एक जुना कठडा आहे, मित्रांनो. खरे तर आता माझा हातभर तुकडाच उरला आहे. अमेरिकेतल्या वुस्टर गावी एका तीन मजली लाकडी घराच्या मागच्या सज्ज्यात, दुसऱ्या मजल्यावर, मी उभा होतो. माझ्या खांबाला एक कप्पी होती. तिच्यावरून कपडे वाळवायची दोरी अंगणापलीकडच्या खांबापर्यंत जायची. दोरी ओढली की ओले कपडे डुलत डुलत निघायचे. आपण फार कामाचे आहोत, असे मला तेव्हा वाटायचे. आणि मी होतोही!

घरमालक ओमेर लाव्हाले तळमजल्यावर राहायचे. माझ्या मजल्यावर डेलिया टिअर्नी राहायच्या. त्या नवऱ्यामुलींचे पोशाख शिवत. वीस वर्षांचा शेजार. खालून वाटाण्याचे सूप वर यायचे, वरून गरम पाव खाली जायचा. भाडेकरू आणि मालक यांच्यात इतका जिव्हाळा मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. अर्थात, मी दुसरीकडे गेलोच कुठे होतो म्हणा.

त्या गल्लीची एक रीत होती. मे महिन्यात आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहण्याचा दिवस येतो. त्याच्या आत प्रत्येक मालकाने मागचे सज्जे रंगवून काढायचे. ज्याचा सज्जा राहिला, त्याच्या नावाने सगळी गल्ली बोटे मोडायची. ओमेरकाका नेहमी पहिले असत. जुन्या रंगावरच ते नवा जाड थर चढवत आणि मला थोपटून म्हणत, "बघ, कसा नवरदेवासारखा दिसतोस!" मीही हुरळून जाई.

पण माझ्या बुडाशी पाणी मुरत होते. एकदा आत शिरलेले पाणी त्या रंगामुळे बाहेर पडेना. वरून मी चकचकीत होतो आणि आतून माझा भुसा होत होता. सांगायचे तर मला तोंड नव्हते.

एका सकाळी डेलियाबाईंनी धुतलेली गोधडी दोरीवर टाकली आणि जरा माझ्यावर रेलून त्या दोरी ओढू लागल्या. मी मुळातून मोडलो. आम्ही दोघेही खाली गेलो. लायलॅकच्या झुडपाने त्यांचा जीव वाचवला, पण उजवे मनगट मोडले. ज्या हाताने त्या नवरीच्या पोशाखाच्या जाळीवर मोती टाचायच्या, तोच हात.

ओमेरकाका धावत आले, रडलेही. पण दुसऱ्या दिवसापासून ते गल्लीत सांगू लागले, "मी दर वर्षी रंगवतो हो! हिनेच ओल्या गोधडीचं ओझं टाकलं." चर्चच्या पायरीवर बायका कुजबुजू लागल्या. हाताच्या दुखण्यापेक्षा हे बोलणे डेलियाबाईंच्या जिव्हारी लागले. चूक आपली नव्हती, एवढे कुणीतरी चारचौघांत सांगावे, यासाठी त्या कोर्टात गेल्या.

माझा बुडाकडचा तुकडाही पुरावा म्हणून टेबलावर ठेवला गेला. घरमालकाने किती काळजी घ्यायला हवी, हे सांगायला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून इंगर लुंडबाई आल्या. घरे तपासण्यात त्यांचे निम्मे आयुष्य गेले होते.

ओमेरकाकांचा वकील मिश्कीलपणे म्हणाला, "बाई, सगळी गल्ली दर वर्षी रंग लावते. माझ्या अशिलानं त्यात वेगळं काय केलं?"

"काहीच नाही," लुंडबाई म्हणाल्या. "म्हणूनच मला सगळ्या गल्लीची भीती वाटते. सगळे करतात म्हणून ती काळजी होत नाही."

"आणि गोधडीचं वजन?"

"कप्पी मालकांनीच बसवली ना? मग तिथे ओली गोधडी येणारच. तेवढी पेलायला नको का?"

ओमेरकाकांना राहवले नाही. ते जागेवरून ओरडले, "पोटच्या पोरासारखा जपलाय मी तो कठडा!"

न्यायाधीशांनी त्यांना दटावले. पण लुंडबाई त्यांच्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पोराला नुसती पावडर लावून भागतं का हो? अंगात ताप आहे का, तेही बघावं लागतं."

मग परवानगी घेऊन त्यांनी एक पेचकस माझ्या बुडाला टेकवला आणि जरासा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. ज्युरीतली एक बाई "अगं बाई!" म्हणाली. लुंडबाईंनी सांगितले, की रंगवण्यापूर्वी खांबाचे बूड असे टोचून बघणे, ही मालकाची साधी जबाबदारी आहे. थरावर थर चढवल्याने तर ओल आतच कोंडली गेली.

ओमेरकाका उभे राहिले. वकील कोट ओढत होता, "अहो, बसा खाली!" पण ते बसले नाहीत.

"डेलिया, तुझ्या गोधडीनं नाही गं मोडला. माझ्याच हातानं कुजवला मी त्याला. आणि गल्लीभर तुझं नाव घेत फिरलो."

डेलियाबाईंचे डोळे भरून आले. "ओमेर, एवढं तू मला दवाखान्यात म्हणाला असतास ना, तर मी या कोर्टाची पायरीसुद्धा चढले नसते."

निकाल डेलियाबाईंच्या बाजूने लागला. हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. बारीक सुई अजून त्यांच्या बोटांतून निसटते. तेव्हा ओमेरकाका खाली वाकून ती शोधून देतात. ते दोघे पुन्हा बोलू लागले, याचा मला फार आनंद आहे.

मित्रांनो, माझ्यावर कुणाची माया नव्हती असे समजू नका. माया भरपूर होती. फक्त माझ्या आत काय चालले आहे, हे कुणी पाहिले नाही. म्हणून तुम्हाला एकच विनवणी आहे. जे आपले आहे, त्याला नुसते सजवू नका. कधीतरी दाबूनही बघा. मला वेळेवर टोचले असते, तर दुखले असते खरे. पण त्या बाईचा हात वाचला असता.